काल मारणाऱ्या शेजाऱ्याशी आज हात मिळवणं: तिमोर-लेस्तेच्या अभ्यासकासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न नागपूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती राज्यशास्त्रात एम.ए. करते आणि लघुप्रबंधासाठी तिनं तिमोर-लेस्ते, म्हणजे आग्नेय आशियातला पूर्व तिमोर, हा देश घेतलाय. ती विचारते: "ज्या इंडोनेशियानं 24 वर्षं या देशाला चिरडलं, त्याच्याशी स्वातंत्र्यानंतर लगेच मैत्री केली. ज्या ऑस्ट्रेलियानं 1999 मध्ये सैन्य पाठवून वाचवलं, त्याच्याशी मात्र समुद्रातल्या गॅसवरून सोळा वर्षं भांडण. ही मुत्सद्देगिरी म्हणायची की लाचारी? निष्कर्ष काय काढू?"

करारांची कलमं वाचणं आणि शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तर त्याच अंगानं येईल. आणि पहिली सूचना अशी की "मुत्सद्देगिरी की लाचारी" ही जोडी सोडून द्या. त्या जोडीनं प्रबंधाचं भाषण होतं. युद्धातून बाहेर पडलेल्या देशापुढे क्षमा करायची की नाही हा प्रश्न असतोच, पण तो सकाळी उठल्यावरचा पहिला प्रश्न नसतो. सीमेवरचं फाटक कोण उघडणार, पळून गेलेली माणसं परत कशी आणायची, तेल-तांदूळ-सिमेंट कुठून येणार, हे आधी येतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा मांडा: शेजाऱ्याशी असलेल्या पाच-सहा वेगवेगळ्या प्रश्नांपैकी कुठला आधी सोडवला, कुठला बाजूला ठेवला, आणि बाजूला ठेवलेला प्रश्न पुन्हा काढायचा हक्क शाबूत ठेवला का?

सगळ्या देशांना एकच क्रम लागू होत नाही, हेही आधीच लिहून टाका. शेजारी हरला आहे की नुसता मागे हटला आहे, यावर फार काही ठरतं. 1991 मध्ये इराक हरला होता, म्हणून सुरक्षा परिषदेला त्याच्या तेलाच्या उत्पन्नातून कुवेत आणि इतर दावेदारांना 52.4 अब्ज डॉलर भरपाई वसूल करून देता आली. शेवटचा हप्ता 2022 उजाडताना गेला. इंडोनेशिया हरलेला नव्हता. 30 ऑगस्ट 1999 च्या सार्वमतात 78.5 टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला आणि सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय फौज उतरली. इंडोनेशियाचं सैन्य परत गेलं ते आपल्या शस्त्रांसह, आपल्या सेनापतींसह. असा शेजारी भरपाई देत नसतो.

आकाराचा अंदाज घ्या. तिमोर-लेस्तेचं क्षेत्रफळ सुमारे 15,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्याच्या साधारण दीडपट. लोकसंख्या 2022 च्या जनगणनेनुसार 13 लाखांच्या थोडी वर, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. बेट अर्धंच त्यांचं. पश्चिमेकडचा अर्धा भाग इंडोनेशियाचा. आणि त्या पश्चिम भागाच्या पोटात, मूळ भूमीपासून तुटलेला, त्यांचाच एक जिल्हा आहे: ओइकुसी.

ओइकुसी नीट समजलं तर अर्धा विषय समजतो, म्हणून इथे थोडं थांबू. कल्पना करा की आपला सावनेर तालुका उचलून छिंदवाड्याच्या पलीकडे नेऊन ठेवलाय आणि मधली हद्द ओलांडायला पासपोर्ट लागतो. ओइकुसीच्या माणसाला राजधानी दिलीला जायचं तर मुख्य वाटा दोन. एक समुद्राची: अनेक तासांची फेरीबोट, आणि समुद्र खवळला की फेरी रद्द. दुसरी रस्त्याची: ओइकुसीच्या साकातो नाक्यावर बाहेर, समोर इंडोनेशियाचा विनी नाका; मग इंडोनेशियातून प्रवास; मग मोताइनला बाहेर आणि बातुगादेला पुन्हा स्वतःच्या देशात. एका प्रवासात चार शिक्के. बाळंतपणाला अडलेली बाई, परीक्षेचा विद्यार्थी, म्हशी विकायला निघालेला शेतकरी, सगळ्यांची वाट इंडोनेशियाच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ज्या सरकारला आपल्याच एका जिल्ह्यात जायला शेजाऱ्याची परवानगी लागते, त्यानं शेजाऱ्याशी अबोला धरायचा तो कशाच्या जोरावर? 2003 मध्ये पारंपरिक ये-जा आणि सीमेवरच्या बाजारांबद्दल दोन्ही देशांनी समझोता केला, तो याच गरजेतून. तो कागदावर लवकर आला आणि नाक्यावर पोचायला वेळ लागला, हेही नोंदवा. दोन देशांच्या अभ्यासात सहीची तारीख आणि अंमलाची तारीख या दोन वेगळ्या रकान्यांत लिहायच्या असतात. विद्यार्थी हमखास एकच लिहितात.

आता जमिनीची सीमा. इथे तिमोर-लेस्तेचं नशीब बरं होतं, कारण जुना कागद हाताशी होता. पोर्तुगीज आणि डच यांच्यात 1904 चा तह झाला होता आणि ओइकुसीच्या एका तुकड्यावरून झालेल्या वादावर 1914 मध्ये हेगच्या लवादानं निर्णय दिला होता. दोन्ही नव्या देशांनी त्याच जुन्या रेषा आधार म्हणून मान्य केल्या. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांत, एप्रिल 2005 मध्ये, जवळजवळ 96 टक्के सीमेवर तात्पुरता करार झाला. उरलेल्या 4 टक्क्यांत ओइकुसीच्या कडेच्या सित्राना आणि मानुसासी या जागा होत्या. तिथे कागदावरची नदी आणि गावकऱ्यांची वहिवाट जुळत नाही. नदीचं पात्र सरकलं, पिकं दुसऱ्याच गावानं घेतली, आणि नकाशातली रेघ कुणाच्या तरी शेतातून गेली. विदर्भात बांधावरचे वाद ज्यांनी पाहिलेत त्यांना हे फोडून सांगायला नको. लक्षात ठेवायची गोष्ट ही की 4 टक्क्यांसाठी 96 टक्के अडकवून ठेवले नाहीत. जे ठरलं ते लिहून घेतलं, उरलेलं पुढच्या बैठकीला. याउलट भारत-बांगलादेश सीमेचा करार 1974 मध्ये झाला आणि एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या 162 तुकड्यांची अदलाबदल प्रत्यक्षात 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री झाली. मैत्री होती, करारही होता, तरी 41 वर्षं लागली, कारण आपल्याकडे घटनादुरुस्ती लागत होती.

माणसांचा प्रश्न याहून तातडीचा होता. 1999 च्या हिंसेत सुमारे अडीच लाख माणसं पश्चिम तिमोरमध्ये गेली किंवा नेली गेली. छावण्यांवर मिलिशियांची, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांची, पकड होती. सप्टेंबर 2000 मध्ये पश्चिम तिमोरच्या अतांबुआत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या तीन कर्मचाऱ्यांना मारण्यात आलं. या छावण्या मोकळ्या करणं इंडोनेशियाच्या सरकारच्याच हातात होतं. दिलीचं सरकार तिथे शिपाईसुद्धा पाठवू शकत नव्हतं. म्हणजे शरणार्थी परत हवेत तर जकार्ताशी बोलणं सुरूच ठेवायला हवं. इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद फेब्रुवारी 2000 मध्ये दिलीला आले आणि सांताक्रूझच्या दफनभूमीत त्यांनी झाल्या गोष्टींबद्दल माफी मागितली. याच दफनभूमीत नोव्हेंबर 1991 मध्ये इंडोनेशियाच्या सैन्यानं मिरवणुकीवर गोळीबार केला होता. 20 मे 2002 ला स्वातंत्र्याच्या सोहळ्याला राष्ट्राध्यक्षा मेगावती आल्या आणि आपल्या सैनिकांच्या दफनभूमीतही गेल्या. तिमोरनं ती दफनभूमी उखडली नव्हती. अशा गोष्टी करारात कुठे लिहिलेल्या नसतात, पण पुढच्या बैठकीत आवाज किती चढणार हे त्यावर ठरतं.

आता तुमच्या मनातला खरा सल: न्याय. इथे लपवाछपवी नको. तिमोरच्या सत्य व सलोखा आयोगानं 1974 ते 1999 या काळात संघर्षामुळे किमान 1,02,800 मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्यात सुमारे 18,600 हत्या आणि बाकीचे उपासमार-आजाराचे. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं चाललेल्या गंभीर गुन्हे विभागानं सुमारे 390 जणांवर आरोप ठेवले, त्यांतले तीनशेहून जास्त इंडोनेशियात, म्हणजे हाताबाहेर. 2003 मध्ये माजी सेनाप्रमुख विरांतो यांचं नाव आरोपपत्रात आलं तेव्हा दिलीच्या नेत्यांनी त्यापासून अंतर राखलं. जकार्तातल्या विशेष न्यायालयात 18 जणांवर खटले चालले, सहा दोषी ठरले, आणि अपिलात सगळे सुटले.

मग 2005 मध्ये दोन देशांनी मिळून सत्य व मैत्री आयोग नेमला. दोन्हीकडचे पाच-पाच सदस्य. त्याला खटला चालवण्याचा अधिकार नव्हता, उलट माफीची शिफारस करण्याचा होता, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी त्याला सहकार्य नाकारलं. बहुतेकांना वाटलं की हा पांघरूण घालण्याचा उद्योग आहे. जुलै 2008 मध्ये अहवाल आला तो वेगळाच निघाला. त्यानं कुणाच्याही माफीची शिफारस केली नाही आणि इंडोनेशियाचं सैन्य, पोलीस व मुलकी प्रशासन यांच्यावर संस्थात्मक जबाबदारी ठेवली. राष्ट्राध्यक्ष युधोयोनो यांनी तो स्वीकारला, खेद व्यक्त केला. माफी हा शब्द मात्र वापरला नाही. माझ्या मते या अहवालाचं मोल दोन्ही टोकांच्या टीकाकारांनी कमी लेखलंय. ज्या अहवालावर इंडोनेशियानं नेमलेल्या पाच जणांच्या सह्या आहेत, तो "परक्यांचा प्रचार" म्हणून फेटाळता येत नाही. पण बेपत्ता माणसांचा शोध आणि पीडितांना मदत या त्याच्या शिफारशी रखडल्या. तिथे दोन्ही सरकारांना माफ करू नका.

किंमत कुठे मोजली गेली ते एका घटनेत स्वच्छ दिसतं. सप्टेंबर 1999 मध्ये तिमोरच्या सीमेजवळच्या सुआई गावातल्या चर्चमध्ये तीन धर्मगुरूंसह अनेकांना मारण्यात आलं. त्या प्रकरणात 2003 मध्येच आरोपपत्रात नाव आलेला मिलिशियाचा एक म्होरक्या ऑगस्ट 2009 मध्ये सीमा ओलांडून सुआईत आला. गावकऱ्यांनी ओळखला, पोलिसांनी धरला, कोठडीत ठेवला. इंडोनेशियानं तो मागितला. सार्वमताला दहा वर्षं झाल्याचा सोहळा चालू होता, त्याच दिवशी, 30 ऑगस्टला, न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याला इंडोनेशियाच्या दूतावासाच्या हवाली केलं गेलं. सरन्यायाधीश संतापले, संसदेत अविश्वास ठराव आला आणि फेटाळला गेला. प्रकरण आरोपीच्या सुटकेपुरतं नाही. परराष्ट्र धोरणासाठी सरकारनं स्वतःच्या न्यायालयाला ओलांडलं, आणि नव्या देशासाठी ही जखम शेजाऱ्याच्या नाराजीपेक्षा जास्त खोल असते. समझोता करायचाच होता तर संसदेत कायदा करून, उघडपणे करायला हवा होता.

तुलनेसाठी बांगलादेशचा एक परिच्छेद घाला. पाकिस्तानची मान्यता फेब्रुवारी 1974 मध्ये आली आणि एप्रिलच्या त्रिपक्षीय करारात 195 पाकिस्तानी युद्धकैद्यांवरचे खटले बांगलादेशनं सोडले. तिथेही मान्यता आणि अडकलेल्या माणसांची मायदेशी पाठवणी एका पारड्यात होती आणि खटले दुसऱ्या.

आता ऑस्ट्रेलिया. तुम्ही "वाचवणाऱ्याशीच भांडण" म्हणता, पण आधीचा अध्याय पाहा. तिमोर इंडोनेशियाच्या ताब्यात असताना, डिसेंबर 1989 मध्ये, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिमोर समुद्रावरून उडणाऱ्या विमानात बसून तिथलं तेल वाटून घेण्याचा करार केला आणि शँपेनचे पेले उंचावले. खाली ज्यांचा समुद्र होता त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग मार्च 2002 मध्ये, तिमोर स्वतंत्र व्हायला दोन महिने असताना, ऑस्ट्रेलियानं सागरी सीमांचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या अधिकारातून काढून घेतले. म्हणजे नव्या देशाला कोर्टाचं दार जन्माआधीच बंद.

इथून पुढचे तीन करार शेजारी शेजारी ठेवून वाचा. शिकण्यासारखं सर्वांत जास्त इथे आहे. पहिला 20 मे 2002 चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या दिवशीचा. समुद्रातल्या तेल-गॅसच्या संयुक्त क्षेत्रातलं उत्पन्न 90 टक्के तिमोरला, 10 टक्के ऑस्ट्रेलियाला. पैसे तातडीनं हवे होते, म्हणून सही केली. पण त्यात स्पष्ट लिहून घेतलं की ही तात्पुरती व्यवस्था आहे आणि अंतिम सीमेवरच्या हक्काला बाधा येत नाही. "हक्कांना बाधा न येता" हे कलम कराराच्या सुरुवातीलाच कुठेतरी दोन ओळींत असतं आणि वाचणारे ते ओलांडून टक्केवारीकडे धावतात. दुर्बळ पक्षासाठी तीच दोन वाक्यं सगळ्यात मोलाची असतात.

दुसरा करार 2006 चा. ग्रेटर सनराइज या मोठ्या गॅसक्षेत्राचं उत्पन्न 50-50, पण बदल्यात सीमेचा प्रश्न 50 वर्षं काढायचा नाही. चूक झाली ती इथे. टक्के वाढले दिसतात, हक्क मात्र अर्धशतक गहाण पडतो. त्यातूनही सुटका झाली ती शेवटाकडच्या एका कलमामुळे: करार लागू झाल्यापासून सहा वर्षांत विकास आराखडा मंजूर झाला नाही तर कोणताही पक्ष नोटीस देऊन करार संपवू शकतो. 2007 मध्ये लागू झाला, आराखडा झालाच नाही, कारण पाइपलाइन तिमोरला न्यायची की ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला यावर एकमत होईना. दरम्यान, 2004 च्या वाटाघाटींवेळी तिमोरच्या मंत्रिमंडळाच्या कार्यालयात ऑस्ट्रेलियानं हेरगिरीची यंत्रं बसवल्याचा आरोप झाला आणि 2013 मध्ये तिमोरनं त्यावर लवादाकडे धाव घेतली.

कोर्ट बंद, मग वाट कोणती? सागरी कायद्याच्या करारातली "सक्तीचा समेट" ही तरतूद, जी तोवर कुणी वापरलीच नव्हती. एप्रिल 2016 मध्ये तिमोरनं ती लावली. पाच सदस्यांचा आयोग. त्याचा अहवाल बंधनकारक नाही, पण हजर राहणं बंधनकारक. ऑस्ट्रेलियाचा आक्षेप आयोगानं फेटाळला. मग देवाणघेवाण झाली: तिमोरनं लवादातले दावे मागे घेतले, 2006 चा करार संपवण्याची नोटीस दिली, ऑस्ट्रेलियानं ती मान्य केली. 6 मार्च 2018 ला न्यूयॉर्कमध्ये तिसरा करार, कायमच्या सीमेचा. ग्रेटर सनराइजमध्ये तिमोरला पाइपलाइन आली तर 70 टक्के, ऑस्ट्रेलियाला गेली तर 80 टक्के तिमोरचे. गॅसक्षेत्र आणि तिमोर यांच्या मधे खोल सागरी खंदक आहे, म्हणून हा पाइपलाइनचा वाद अजून पेटता आहे. सीमा मिळाली, गॅस अजून समुद्रातच आहे. तोवर देश चालतो तो 2005 मध्ये उभारलेल्या पेट्रोलियम निधीवर, आणि त्यातून दरवर्षी टिकाऊ मर्यादेपेक्षा जास्त काढलं जातं. परराष्ट्र धोरणाच्या प्रबंधात हा आकडा हवाच, कारण निधी आटला तर वाटाघाटीतला ताठ कणाही वाकतो.

पाणी वाटून घेणाऱ्या शेजाऱ्यांचं दुखणं नागपूरकरांना अनोळखी नाही. पेंच नदीवर वर मध्य प्रदेशातल्या चौराईत धरण झालं, खाली नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणाचा येवा घटला, आणि 2019 मध्ये पाऊस लांबला तसं शहरात एक दिवसाआड पाणी आलं. तिथे एक केंद्र सरकार आहे, एक सर्वोच्च न्यायालय आहे, तरी इतकी ओढाताण. दोन सार्वभौम देशांत वर कुणीच नसतं, म्हणून करारातलं वाद सोडवण्याचं कलम हे पहिल्या दिवशी वाचायचं, शेवटच्या दिवशी नाही.

मान्यतेच्या कलमाकडेही दुर्लक्ष नको. इराक-कुवेत सीमेजवळच्या खोर अब्दुल्ला जलमार्गाचा 2012 चा करार इराकच्या सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये उडवला, कारण संसदेत तो साध्या बहुमतानं मंजूर झाला होता आणि राज्यघटनेला दोन तृतीयांश हवे होते. दहा वर्षांची घडी एका मतमोजणीवर विस्कटली.

आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, भाग थोडक्यात उरका. 2011 मध्ये अर्ज, 2022 मध्ये तत्त्वतः मान्यता, 26 ऑक्टोबर 2025 ला क्वालालंपूरमध्ये अकरावा सदस्य. तिथे सगळं एकमतानं चालतं, एकाचा नकारही पुरतो. आणि इंडोनेशियानं कायम पाठिंबा दिला. 2002 पासून राखलेल्या सलोख्याचा हा ठळक परतावा. पण तिमोरनं तत्त्व सगळं विकलं असं नाही: म्यानमारच्या लष्करशाहीविरोधी सरकारशी संबंध ठेवल्यामुळे ऑगस्ट 2023 मध्ये त्यांच्या राजनैतिक अधिकाऱ्याला म्यानमारनं हाकललं, तरी ते बोलत राहिले. ज्यांच्यासाठी जगात कुणीतरी बोलत होतं म्हणून जे वाचले, त्यांना गप्प बसणं जमलं नाही.

आता कामाचं. एक मोठा तक्ता करा. ओळींत विषय: ये-जा, शरणार्थी, जमिनीची सीमा, गुन्ह्यांचा न्याय, समुद्र आणि गॅस, व्यापार, प्रादेशिक सदस्यत्व. रकान्यांत सहीची तारीख, संसदेची मान्यता, अंमल, बाहेर पडण्याचं कलम, आणि शेवटचा रकाना: किंमत कुणी मोजली. इंडोनेशियाशी सागरी सीमा अजून ठरलेली नाही, म्हणून तो चौकोन रिकामा राहील. रिकामाच ठेवा आणि त्यावर एक परिच्छेद लिहा, कारण 2018 च्या रेषेची टोकं त्यावर अवलंबून आहेत.

निष्कर्षाच्या प्रकरणाला सुरुवात 30 ऑगस्ट या तारखेनं करता येईल. 2009 मध्ये त्या दिवशी सुआईचा आरोपी दूतावासाच्या हवाली झाला. 2019 मध्ये त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाबरोबरचा सीमाकरार लागू झाला. दोन्ही निर्णय एकाच देशाचे, आणि 2009 मध्ये पंतप्रधान असलेले शानाना गुश्मांव हेच पुढे समुद्राच्या वाटाघाटींचे प्रमुख होते. दोन्ही नोंदी एका पानावर ठेवा आणि सुआईत ज्यांची माणसं मेली, त्यांच्या ओळीला तक्त्यात गॅसच्या टक्केवारीइतकीच जागा द्या.